पाच धरली, तीन कळली

मित्रांनो, मी एक जुनी अजरक आहे, सिंधी माणूस खांद्यावर घेतो तो ठशांचा शेला. या, जवळ बसा, पण मला हात लावण्याआधी तो दाखवा. आंब्याचा चीक लागलेला हात मला चालत नाही. ‘स्वच्छ आहे हो’ असे नुसते तोंडाने सांगितलेलेही चालत नाही. माझा स्वभाव संशयी आहे. ज्या धंद्यात मी उमर काढली, तो धंदाच तसा होता.

सिंधमधल्या हाला गावाजवळच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. जन्म कसला, छळच तो! साध्या पांढऱ्या सुती कापडाला आधी तेलात, सोड्यात आणि उंटाच्या शेणात बुडवून ठेवतात. मग नदीवर नेऊन दगडावर आपटतात. मग लाकडी ठसे, त्यावर चिखलाचा लेप, मग निळीचा हौद. पुन्हा धुणे. मग मंजिष्ठेच्या लाल पाण्यात उकळणे आणि पुन्हा धुणे. इतके सोसल्यावर कुठे अंगावर निळ्या-लाल चांदण्या उमटतात. माझा कारागीर म्हातारा होता आणि आपल्या निळीचा भेद कुणाला सांगत नसे. शेजारी साधी विस्तवाची ठिणगी मागायला आला तरी तो आधी हौदावर झाकण टाकी आणि मगच ‘या’ म्हणे. मला वाटते, संशयाचा पहिला रंग मला तिथेच बसला.

मला विकत घेतले बचलने. मीरपूरखासच्या बाहेर, कालव्याच्या काठी बचलची आंब्याची बाग होती. पण त्याने मला स्वतःसाठी घेतले नव्हते. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त जुमण फळबाजारात हमाली करत करत अडत्या झाला होता, त्याला नुकताच स्वतःचा गाळा मिळाला होता. त्या सकाळी बचल भरबाजारात आला आणि त्याने मला जुमणच्या खांद्यांवर पांघरले. आमच्याकडे मान द्यायचा तर अजरक देतात.

“अदा, आजपासून तू सेठ,” बचल म्हणाला. अदा म्हणजे भाऊ.

“सेठ कुणाचा? तुझ्या म्हशींचा?”

“माझ्या म्हशी तुला कुठे विचारतात? त्या माणूस बघून दूध देतात.”

सगळे हसले. जुमण मात्र मला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते कुणी पाहू नये म्हणून तो उगाच पेट्या मोजू लागला.

मित्रांनो, आता माझे काम सांगते. आमच्या बाजारात तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या समोरच्याचा हात हातात घेई, वरून मला टाकी, आणि माझ्या आड बोटे दाबून भाव सांगे. जितकी बोटे धरली तितका भाव. तुमच्याकडे याला हत्ता म्हणतात असे ऐकले आहे. वर चेहरे निर्विकार असत. कुणी पान चघळत असे, कुणी आभाळाकडे बघत असे. खाली मात्र हातांची घासाघीस चाललेली असे. ती मला एकटीलाच कळे. कुणाचा तळवा घामाने ओला आहे, कुणाचे बोट खोटे बोलताना किंचित थरथरते, हे मी सांगू शकत होते. पण मला विचारतो कोण?

आणि एक नियम होता. कापडाखाली झालेली गोष्ट कापडाबाहेर आणायची नाही. आकडा उच्चारायचा नाही. पटले तर मान हलवायची, नाही पटले तर हात काढून घ्यायचा. ज्याने आकडा तोंडावर आणला, त्याने बाजाराची अब्रू चव्हाट्यावर मांडली असे मानत.

अशा जागी विश्वास फार जपून वागतो. व्यापाऱ्याला वाटे, अडत्या बागवाल्याला मिळालेला आहे. बागवाल्याला वाटे, अडत्या व्यापाऱ्याला मिळालेला आहे. अडत्याला वाटे, हे दोघे मागच्या दाराने एकमेकांना भेटतात. पण जुमणचे नाव चांगले होते. लोक म्हणत, “जुमणच्या अजरकेखाली हात घालून निवांत झोप काढावी.” हे ऐकले की माझ्या चांदण्या उजळत.

उन्हाळा म्हणजे आमची दिवाळी-ईद सगळे काही. आधी खरबुजे यायची. बाजारात पाऊल टाकताच नाकाला कळायचे की ती आली आहेत. मग टरबूज, त्यांच्यावर थापा मारून कान लावून ऐकणारी गिऱ्हाइके. मग टोपल्यांमधून फालसे. त्यांचा एक जांभळा डाग माझ्या काठावर अजून आहे. मग जांभळे. आणि मग सगळ्यांचा बादशहा, आमचा सिंधडी आंबा, लांबट, पिवळाधमक आणि देठाशी किंचित लाजलेला. दुपारी बाजार उठला की बचल आणि जुमण कालव्यावर जात. आंबे पाण्यात सोडत, आपणही पाण्यात बसत. मग गार झालेले आंबे आणि हलीमांच्या हातच्या रोट्या. हलीमां ही बचलची बायको. मी बाभळीच्या फांदीवर लटकून त्यांचे बोलणे ऐकत असे. त्या बोलण्यात एकमेकांना शिव्याच जास्त असत, आणि मला त्यात काहीही संशयास्पद वाटत नसे.

एका हंगामाच्या शेवटी बचल शिडीवरून पडला. उजवे कोपर सुजले. गावच्या हाडवैद्याने पट्टी बांधली, महिन्याभरात सूज उतरली आणि सगळे ती गोष्ट विसरून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात बचलचा पहिला माल बाजारात आला. माल असा की बघणाऱ्याने पेटीपाशी थांबावेच. कराचीचा एक व्यापारी तयार झाला. जुमणने बचलचा हात घेतला, मला वर टाकले आणि पाचही बोटे धरली. पाच म्हणजे त्या दिवशीचा सगळ्यात चांगला भाव.

बचलने हात काढून घेतला.

जुमण चपापला. त्याला वाटले, बचल आणखी वर जाऊ म्हणतोय. त्याने दुसरा व्यापारी आणला. पुन्हा पाच. बचलने हात असा झटकला की मी खालीच पडले. “नाही जमत,” तो म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला.

मी गोंधळले. पाचही बोटे धरली गेली होती, हे मी शपथेवर सांगेन. पण एक गोष्ट मला खटकली होती. बचलची शेवटची दोन बोटे गार होती. दाबली तरी ती उत्तर देत नव्हती. इतर वेळी बोट दाबले की बोट थोडे तरी हलते, होकार देते किंवा कुरकुरते. ही दोन नुसती पडून होती. मला वाटले, बचल मुद्दाम निर्विकार राहतोय, काहीतरी डाव आहे.

आंबा मात्र कुणाच्या डावासाठी थांबत नाही. ऊन चढले, पेट्यांमधून गोड वास सुटला, माशा आल्या. दोन दिवसांनी तो सोन्यासारखा माल सरबतवाल्यांनी ढिगाच्या भावाने उचलला.

त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर बचलला पीरल भेटला. पीरलची बाग बचलच्या बांधाला लागून होती.

“काय रे बचल, तुझा माल ढिगात गेला म्हणे? कमाल आहे! माझा तर जुमणने पाचाने काढून दिला. आणि माझा आंबा तुझ्यापुढे काय? खारीने चाखून टाकलेला.”

“पाचाने?”

“पाचाने. का, तुला किती सांगितले त्याने?”

बचलने बशीतला चहा तसाच ठेवला आणि उठला.

मित्रांनो, संशय माणसाच्या डोळ्यांत शिरला की जुन्या गोष्टीही नव्या दिसू लागतात. जुमणने घरावर पक्के छप्पर घातले होते, त्या दिवशी बचलने स्वतः पाट्या उचलल्या होत्या. आता त्याला वाटू लागले, छपराला पैसा आला कुठून? जुमण व्यापाऱ्यांशी हसून बोले. आता त्याला वाटू लागले, हसतोय कशाला? ‘मला तीन सांगायचे, व्यापाऱ्याकडून पाच घ्यायचे, मधली दोन खिशात, असे चालले असणार. माझा माल मी दिला नाही म्हणून या खेपेला त्याचा डाव फसला. पण मागची इतकी वर्षे?’ तो मनात म्हणे.

तिकडे जुमणच्याही कानावर काहीबाही आले. कुणीतरी सांगितले, बचल पलीकडच्या अडत्यापाशी उभा दिसला. खरे तर बचल तिथे बिडी पेटवायला थांबला होता. पण जुमण रात्री घरी बायकोला म्हणाला, “उगाच नाही तो पाचाला नाही म्हणाला. दुसरीकडे साटेलोटे केलेय त्याने. माझ्याकडे नुसता भाव काढायला येतो.” मी खुंटीवर होते. मला त्याचेही पटले. माझे काय, मला सगळ्यांचेच पटत होते, म्हणजे सगळ्यांचाच संशय येत होता.

बचल दुसरा माल घेऊन आला तेव्हा तो आंबे विकायला आला नव्हता, जुमणला पकडायला आला होता. वरचे आंबे त्याने एकेक निवडून लावले होते. बाजार भरला होता. जुमणनेही मनात ठरवले होते की आज बघूच. त्याने बचलचा हात घेतला, मला टाकले, पाचही बोटे धरली आणि खात्री म्हणून पुन्हा एकदा घट्ट दाबली.

बचल मोठ्याने म्हणाला, “तीन?”

आसपासचे सगळे हात थांबले. कापडाखालचा आकडा कुणी असा उघड्यावर टाकलेला त्या बाजाराने पाहिला नव्हता.

“तीन?” जुमणचा आवाज फुटला. “अरे पाच धरली आहेत मी! पाच!”

“आता लोक बघतायत म्हणून पाच.”

“बचल, तोंड सांभाळ.”

“तोंड सांभाळूनच तर इतकी वर्षे लुटला गेलो! पीरलला पाच, मला तीन. दोस्त आहे ना मी! दोस्ताला कापायला सुरी लागत नाही.”

“मी तुला कापले? मी?”

“छप्पर कशावर उभे राहिले तुझे? माझ्याच आंब्यांवर ना?”

बचलने पुढे होऊन मला जुमणच्या हातातून खेचले. “ही मी दिली होती. मान राखणाऱ्याला दिली होती. घेऊन चाललो.”

माझा एक काठ जुमणच्या मुठीत राहिला होता. क्षणभर त्याने तो सोडला नाही. मग सोडला.

अडत्याचे भांडवल म्हणजे त्याचे नाव. ते त्या सकाळी गेले. बागवाले तोंडावर काही बोलले नाहीत, पण एकेकाने माल दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. काहींना तर आपलीही मागची सगळी बोटे आठवू लागली. हंगाम संपायच्या आत जुमणचा गाळा बंद झाला. तो स्टेशनच्या रस्त्याला झाडाखाली टोपली घेऊन बसू लागला, फालसे आणि जांभळे विकायला.

आणि मी? मी बचलच्या घरी आले. मान म्हणून दिलेली वस्तू परत आणली की ती कुठे ठेवावी हे कुणालाच कळत नाही. आधी मी खुंटीवर होते. मग आंब्याच्या पेट्यांवर पांघरूण झाले. मग कोंबडीची पिले मांजरापासून वाचवायला मला टोपलीवर टाकू लागले. शेवटी मी चुलीपाशी आले, गरम भांडी धरायचे फडके म्हणून. ज्या कापडाखाली बाजार ठरत होता, त्याखाली आता वरणाची तपेली उतरत होती.

हलीमांचा या भांडणावर पहिल्यापासून विश्वास नव्हता.

“अदा जुमण तसे नाहीत,” ती म्हणे. “आपल्या लेकीच्या, हूरांच्या लग्नात त्या माणसाने तीन दिवस चपला काढल्या नव्हत्या पायातल्या.”

“तू बाजारात कधी गेलीस? कापडाखाली काय चालते तुला काय ठाऊक?”

“कापडाखालचे नाही ठाऊक. पण तुमचे ठाऊक आहे. एकदा डोक्यात शिरले की बैल परवडला.”

पण तिलाही एक संशय होता आणि तो नवऱ्याचाच होता. बचलच्या हातून पेला निसटे. सदऱ्याची बटणे लावताना तो चिडे. झाडावरचा आंबा तोडताना मूठ नीट मिटत नसे. एकदा चहाची बशी सांडली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“हूरांचे बाबा, खरे सांगा. भांग घेता का?”

“तुझे डोके फिरलेय.”

“मग अफू?”

“म्हातारपण घेतो! म्हातारपण! आता बस झाले?”

तेव्हापासून ती नजर ठेवू लागली. तो बागेत गेला की त्याच्या खिशाचा वास घेई. उशीखाली बघे. मला उलटीपालटी करून झटके. मला हे आवडले. घरात माझ्या जातीचे कुणीतरी होते.

वर्ष फिरले. एका दुपारी हलीमां अंगणातल्या चुलीवर मुरंबा करत होती. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांचा. पाक दाटला, आणि तिने हाक मारली, “जरा पातेले उतरवता का? मला झेपत नाही.” बचलने मला हातात धरले आणि पातेले उचलले. घडी नीट झाली नव्हती. एका बाजूला नुसता माझा एकेरी काठ होता, आणि तिथेच त्याची शेवटची दोन बोटे तापलेल्या कडेला टेकली. मी जळू लागले. मला वाटले, आता हा ओरडेल, आता सोडेल. तो सावकाश चालला होता, पातेले कुठे ठेवावे हे बघत.

“काहीतरी जळतेय,” हलीमां म्हणाली.

“तुझा मुरंबा लागला असेल तळाला.”

“मुरंबा नाही. अहो, हात! हात बघा!”

त्याने पातेले ठेवले. मला भोक पडले होते. त्या भोकाच्या आत त्याच्या दोन बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती. बचल त्या बोटांकडे असा बघत होता जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत.

“दुखत नाही?” हलीमांने विचारले.

“नाही.”

“मुळीच?”

“नाही ना म्हटले!”

तिने हातावर गार पाणी ओतले, कोरफडीचा गर लावला. मग ती त्याच्यासमोर बसली. मला उचलून तिने दोघांच्या हातांवर टाकले. माझ्या अंगाला अजून करपलेला वास येत होता. तिला बाजाराची रीत माहीत नव्हती, तिने ती नुसती ऐकली होती.

“तिकडे बघा, झाडाकडे,” ती म्हणाली. भाजलेल्या जागेला धक्का न लावता तिने त्याच्या बोटांच्या मुळांशी हळूच धरले. “सांगा, किती?”

“तीन.”

तिने पुन्हा धरले. “आता?”

“तीनच की. काय खेळ लावलाय?”

हलीमांने मला बाजूला ओढले. तिच्या मुठीत त्याची पाचही बोटे होती.

मित्रांनो, बचल आपल्या हाताकडे बघत होता. कापडाखाली इतक्या माणसांचे हात मी ओळखले, पण आपल्याच हाताने फसवलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

“म्हणजे पाचच होती,” तो शेवटी म्हणाला.

“पाचच होती.”

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा फिरवून, सुई टोचून हात तपासला. कोपरापाशी दाबून त्यांनी विचारले, “इथे कधी मार लागला होता?” शिडीची गोष्ट निघाली. कोपराजवळची शीर दबली होती, तीच शेवटच्या दोन बोटांपर्यंत जाते. आमच्या सिंधमधल्या हैदराबादला जाऊन शस्त्रक्रिया करावी लागेल, सगळे परत येईलच असे नाही, पण आणखी उशीर केला तर काहीच येणार नाही, असे त्या म्हणाल्या. आणि जाताना त्यांनी हलीमांला सांगितले, “विस्तवापासून, सुरीपासून यांना जपा. या बोटांना आता स्वतःची काळजी घेता येत नाही.”

बाहेर आल्यावर बचल टांग्यात चढेना.

“जुमणकडे जायला हवे,” तो म्हणाला. “दुपारी जाईन. घरी. तो जेवायला येतो तेव्हा.”

“घरी का?”

“चार लोकांत कुठल्या तोंडाने बोलू?”

“ज्या तोंडाने भरबाजारात बोललात त्याच. शिवी चव्हाट्यावर आणि माफी माजघरात, असे नसते.”

टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागला. झाडाखाली जुमण बसला होता. समोर फालश्यांची टोपली, शेजारी मातीच्या भांड्यात मीठ लावून घुसळलेली जांभळे. तो पाठीत वाकला होता. बचलला बघून त्याने तागडी खाली ठेवली.

“काय? आता फालसेही कमी तोलतो म्हणायला आलास?”

“जुमण, मला ती पाच बोटे कळलीच नव्हती.” बचलने पट्टी बांधलेला हात पुढे केला. “ही दोन बोटे मेलीत. कधीपासून मेलीत तेही मला माहीत नव्हते.”

जुमण हसला. ते हसू मला आवडले नाही. “छान. यंदा कुणी अडत्या तुझा माल घेत नाही वाटते? म्हणून बोटे मेली. पुढच्या वर्षी काय, नाक मरेल?”

“खोटे वाटते तर बघ धरून.”

“धरीन आणि तू हवा तो आकडा सांगशील. त्याला काय लागते? मी अडत्या आहे बाबा. जन्मभर तोंड बघून माणसे ओळखली, एक तेवढा तू राहिलास.”

तेव्हा टांग्यातून हलीमां उतरली. तिने नवऱ्याच्या हाताची पट्टी सोडली. जुमणने ती बोटे पाहिली. भाजलेली कातडी अजून ओली होती. मग तिने मला उलगडले आणि माझे भोक त्याच्यापुढे धरले.

“अदा, हे भोक जळत असताना हे आपले चालत होते,” ती म्हणाली. “पातेले कुठे ठेवू म्हणून जागा शोधत होते.”

जुमणने बचलचा हात हातात घेतला. उघड्यावर, कापडाशिवाय. करंगळीच्या टोकाला त्याने नख लावले, जरा जोरात. बचल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, हाताकडे नाही.

जुमणने हात हळूच खाली ठेवला. मग म्हणाला, “हात बोलत नव्हता, मान्य. तोंड होते ना तुला? एकदा, नुसते एकदा, कालव्यावर बसून विचारायचे होतेस. जुमण, तू मला किती सांगितलेस रे? एवढेच.”

“विचारायला हवे होते.”

“माझी बायको शेजारणींकडे जात नाही आता.”

बचलची मान खाली गेली. त्याने मला पुढे केले, खांद्यावर घालायला. जुमणने हाताने अडवले.

“इथे नको. जिथून काढलीस तिथे घाल.”

ते तिघे बाजारात गेले. मला वाटत होते, आता बचलचा आवाज बसेल. पण तो रिकाम्या पेटीवर चढला आणि इतक्या मोठ्याने बोलला की पलीकडे टरबूजवाल्यांनीही माना वळवल्या. “ऐका! जुमण खोटा नव्हता. त्याने पाच धरली होती. माझा हात सुन्न होता, मला तीन कळली. खोटे मी बोललो.” मग त्याने मला जुमणच्या खांद्यांवर घातले.

सगळे टाळ्या वाजवतील असे तुम्हांला वाटले असेल. कुणी वाजवल्या नाहीत. पीरल शेजारच्याच्या कानात म्हणाला, “दोघांनी मिळून नवीन नाटक काढलेले दिसतेय.” एक जण म्हणाला, “सुन्न हात? कधी ऐकले नाही बुवा.” मित्रांनो, संशय पसरायला एक शब्द पुरतो, पण आवरायला बाजारच्या बाजार पालथा घातला तरी थोडासा उरतोच. जुमणचा गाळा पुन्हा उघडला, पण जुने सगळे बागवाले काही परत आले नाहीत. काही आले. काही लांबून सलाम करून जातात.

बचलच्या कोपरावर हैदराबादला शस्त्रक्रिया झाली. एका बोटाला हळूहळू जाग आली. करंगळी मात्र वाकडी ती वाकडीच राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात बचलचा पहिला सिंधडी बाजारात उतरला तेव्हा आजूबाजूला जरा जास्तच गर्दी जमली. सगळ्यांना बघायचे होते की आता कसे होते. बचलने डावा हात पुढे केला आणि त्यावर मला टाकायची वाट बघत राहिला. जुमणने मला खांद्यावरून काढले, घडी केली आणि मागच्या पेटीवर ठेवून दिले.

“कापड टाक की,” बचल कुजबुजला. “सगळे बघतायत.”

“बघू दे,” जुमण म्हणाला. आणि त्याने कराचीवाल्याचा भाव खड्या आवाजात सांगून टाकला.

बाजार हादरला. एक म्हातारा अडत्या ओरडला, “अरे, रीत काही आहे की नाही?” जुमण त्याच्याकडे वळला. “आहे ना, साईं. ज्यांचा एकमेकांवर भरवसा नाही त्यांच्यासाठी रीत आहे. पटला का भाव, बचल? मोठ्याने बोल, मला कमी ऐकू येते.”

“पटला!” बचल ओरडला, आणि मग दोघेही हसू लागले, दम लागेपर्यंत.

मी पेटीवर रिकामी पडून होते. माझ्या उमरीत पहिल्यांदा माझ्याशिवाय सौदा झाला होता. वाईट वाटले का? थोडे वाटले. काम गेले की कुणालाही वाटते. पण पेटीतून आंब्यांचा वास येत होता, आणि त्या दोघांचे हात मला उघड्यावर दिसत होते.

आता माझे तुमच्याकडे मागणे एवढेच. मला धुवाल तेव्हा साबण कमी घ्या आणि सावलीत वाळवा. भोकाला ठिगळ लावू नका, ते तसेच राहू द्या. आणि कुणाचा संशय आला तर खुशाल येऊ द्या, मी कोण अडवणार? पण गावभर बोलण्याआधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा आणि त्यालाच विचारा. ऐकताय ना? माना तर डोलावताय. पण खरेच कराल की नाही, याचा मला संशयच आहे.